कांद्याचे फाटक आणि दोन्हीकडची माणसे



गेल्या महिन्यात एका भगिनीने पत्रातून विचारले, "सर, तुम्ही मुलांच्या अभ्यासावर लिहिता, घरातल्या बोलीवर लिहिता. आता एक साधी गोष्ट सांगा. कांदा कधी दहा रुपये किलो असतो, कधी ऐंशी. हे ठरवते कोण?" आम्ही अर्थशास्त्राचे शिक्षक नाही. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. पण आमचा जिल्हा नाशिक. इथे बाजार समितीचा लिलाव, चाळ, हिशेबपट्टी हे शब्द मुले शाळेत येण्याआधीच शिकून येतात. मुलांच्या वडिलांकडून आम्ही जे शिकलो, तेच आज सांगतो.

जुम्म्याची सकाळ

८ डिसेंबर २०२३ हा जुम्म्याचा दिवस होता. आदल्या रात्री केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केल्याचा आदेश निघाला होता. सकाळी लासलगाव आणि आसपासच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी रास्ता रोको केला. आमची बस तासभर अडकली आणि पहिला तास बुडाला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना नववीतल्या एका मुलाचे वडील आम्हाला भेटायला आले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. दोन एकर जमीन, त्यात लाल कांदा. थोरली मुलगी नर्सिंगला, तिच्या फीचा दुसरा हप्ता महिनाअखेरीस भरायचा होता. कॉलेजला मुदतवाढीसाठी अर्ज लिहून द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आम्ही विचारले, "चाचा, थोडे दिवस माल ठेवता येणार नाही का? बंदी उठेपर्यंत?"

ते म्हणाले, "सर, कापूस घरात ठेवता येतो. उन्हाळी कांदा चाळीत ठेवता येतो. हा लाल कांदा ओला असतो. काढला की विकायचा. नाही विकला तर त्याचे खत होते."

ही गोष्ट शहरातल्या वाचकांनी नीट समजून घ्यावी. कांदा म्हणजे एकच पीक नव्हे. मार्च ते मे दरम्यान निघतो तो उन्हाळी कांदा. तो चाळीत चार-सहा महिने टिकतो आणि पावसाळाभर देशाला पुरतो. तरी त्यातला बराच माल वजनात घटतो, काहीला कोंब येतात, काही सडतो. ऑक्टोबरनंतर येतो तो खरिपाचा लाल कांदा. त्याला थांबणे माहीत नाही. बंदी आली ती नेमकी त्याच्या हंगामात.

चाचांच्या शेजाऱ्याची ट्रॉली बुधवारी विकली गेली होती. क्विंटलला साडेतीन हजारांच्या वर भाव मिळाला होता. चाचांची पुढच्या आठवड्यात विकली. भाव दोन हजार. त्यांच्या दोन ट्रॉल्यांत मिळून पन्नास क्विंटल माल होता. म्हणजे पाच दिवसांच्या फरकाने पंचाहत्तर हजार रुपये गेले. नव्या वर्षात तर भाव आणखी उतरत हजार-बाराशेवर आला. अर्ज आम्ही लिहून दिला. मुदत मिळाली पंधरा दिवसांची. चाचींनी बकरी ईदसाठी पाळलेले दोन बोकड विकले, राहिलेली रक्कम उसनी घेतली आणि हप्ता भरला.

बंदी, शुल्क आणि किमान मूल्य

सरकारला हे करावेसे का वाटले, तेही पाहिले पाहिजे. एकच बाजू सांगणे इन्साफाला धरून नाही.

२०२३ हे वर्ष विचित्र होते. फेब्रुवारीत कांदा इतका पडला होता, की सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे, हमाली-तोलाई-वाहतूक वजा जाता, दोन रुपयांचा चेक मिळाला. ती बातमी देशभर गेली. मग मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपिटीने उन्हाळी कांद्याची प्रत बिघडली. तो चाळीत टिकला नाही. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली, म्हणून लाल कांदा उशिरा आला. ऑक्टोबरअखेर दिल्लीत किरकोळ भाव सत्तर-ऐंशी रुपये किलोवर गेला. दोन रुपयांचा चेक आणि ऐंशी रुपयांचा किलो, हे एकाच वर्षातले.

आमच्या शाळेत यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मुले पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी भाजी नसली तर कांदा-भाकरी असते. कांदाच ऐंशी रुपये झाला तर त्या आईने काय करावे? तिचाही हक्क आहे. तिच्याकडे पाहून सरकारने काही करणे गैर नाही. प्रश्न आहे तो काय केले आणि कसे केले, याचा.

निर्यात आवरण्याचे तीन मार्ग असतात. पहिला, निर्यात शुल्क. माल बाहेर पाठवताना त्यावर कर भरायचा, म्हणजे तो बाहेर महाग पडतो आणि थोडा इथेच राहतो. दुसरा, किमान निर्यात मूल्य. ठरवलेल्या किमतीपेक्षा स्वस्त माल बाहेर पाठवायचा नाही. तिसरा, सरळ बंदी. त्या वर्षी तिन्ही मार्ग एकापाठोपाठ वापरले गेले. १९ ऑगस्टला ४० टक्के शुल्क लागले. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान मूल्य ठरले, म्हणजे किलोला साधारण ६७ रुपये. ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी. ती ३१ मार्च २०२४ पर्यंत आहे, असे तेव्हा सांगितले होते. मार्चमध्ये ती 'पुढील आदेशापर्यंत' वाढवली. ४ मे रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि त्यावर ४० टक्के शुल्क राहिले. दोन्ही मिळून किलोला ६४ रुपयांच्या आसपास. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढले, शुल्क २० टक्क्यांवर आणले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले.

वीस महिन्यांत सात बदल. आता चाचांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. रोप टाकायचे तेव्हा नियम एक, लागवड करताना दुसरा, काढणीला तिसरा, विकताना चौथा. मुलांना आम्ही परीक्षेचे वेळापत्रक महिनाभर आधी देतो. पेपर सुरू झाल्यावर अभ्यासक्रम बदलला तर पालक आमच्या दारात येऊन उभे राहतील, आणि ते योग्यच असेल.

एक हिशेब आणखी आहे. २०२२-२३ मध्ये देशात साधारण ३०० लाख टन कांदा पिकला आणि सुमारे २५ लाख टन बाहेर गेला. म्हणजे बारा कांद्यांतला एक. कुणी म्हणेल, एवढ्याशा निर्यातीने काय होते? पण बाजारातला भाव सगळ्या मालावर ठरत नाही, तो शेवटच्या ट्रॉलीवर ठरतो. दहा गिऱ्हाइकांना दहा ट्रॉल्या हव्या असतील तर भाव बरा. गिऱ्हाईक नऊ आणि ट्रॉल्या दहा झाल्या, की दहाव्या ट्रॉलीचा मालक पडेल त्या भावाला देतो, आणि मग उरलेल्या नऊ जणांनाही तोच भाव मिळतो. ज्याने आयुष्यात एक कांदा परदेशी पाठवला नाही, त्यालाही निर्यातबंदी लागते ती अशी.

पलीकडचे स्वयंपाकघर

आता फाटकाच्या पलीकडे पाहू.

२०२२-२३ मध्ये भारताच्या कांद्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते बांगलादेश. त्याखालोखाल संयुक्त अरब अमिराती, मलेशिया, श्रीलंका, नेपाळ. बांगलादेशात कांद्यावाचून मासा शिजत नाही, मांस शिजत नाही, डाळीला फोडणी बसत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने अचानक निर्यात थांबवली, तेव्हा ढाक्यात किलोचा भाव पुढे दोनशे टक्यांच्या वर गेला. बांगलादेशाला कांदा विमानाने आणावा लागला. त्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. उद्योजकांच्या सभेत त्यांनी हसत हसत हिंदीत सांगितले, की मी आमच्या आचाऱ्याला स्वयंपाकात कांदा घालू नको असे सांगितले आहे. पण त्याच बोलण्यात त्यांनी एक गंभीर मागणीही केली. असे काही करणार असाल तर आम्हाला थोडे आधी कळवत जा.

मागणी साधी होती. बंदी घालू नका असे त्या म्हणत नव्हत्या. आधी सांगा, एवढेच म्हणत होत्या. पुढच्या वर्षी, १४ सप्टेंबर २०२० रोजी, पुन्हा तसेच झाले. पेट्रापोलच्या सीमेवर भरलेले ट्रक उभे राहिले आणि ताडपत्रीखाली माल सडू लागला. २०२३ मध्ये तिसऱ्यांदा. एक-दोन दिवसांत ढाक्यात भाव पुन्हा दोनशे टक्यांच्या पलीकडे.

आमची आपा शारजाला राहते. त्या डिसेंबरात फोनवर म्हणाली, "दुकानात आपला कांदा दिसतच नाही. पाकिस्तानचा आहे, तुर्कस्तानचा आहे, चीनचा आहे. भाव दुप्पट." मार्च २०२४ मध्ये, रमजानच्या तोंडावर, भारताने बांगलादेशाला ५०,००० टन आणि अमिरातीला १४,४०० टन कांदा सरकारी मार्गाने द्यायचे मान्य केले. अम्मीने आपाला विचारले, "आता तरी मिळतो का?" आपा म्हणाली, "मिळतो, पण दुकानदार म्हणतो, मी आता दोन्ही ठेवणार. तुमच्याकडचा कधी बंद होईल याचा नेम नाही."

आम्हाला वाटते, या सगळ्या प्रकरणाचे सार त्या दुकानदाराने सांगितले. भाव वर गेला तर खाली येतो, खाली गेला तर वर येतो. पण गिऱ्हाइकाचा भरवसा एकदा गेला की तो हंगाम बदलला म्हणून परत येत नाही.

आणि झालेही तेच. बांगलादेशाने कांद्याची स्वतःची लागवड वाढवली, उन्हाळ्या-पावसाळ्यातला कांदाही करून पाहिला. आता तिथले सरकार आपल्या शेतकऱ्यांचा हंगाम सुरू असताना आयातीचे परवाने रोखून धरते. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. २०२२-२३ मध्ये भारताची कांदा निर्यात २५ लाख टन होती. २०२४-२५ मध्ये ती त्याच्या निम्म्याहूनही कमी झाली. १ एप्रिल २०२५ पासून ना बंदी आहे, ना शुल्क, ना किमान मूल्य. पण त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कांद्याचे भाव पुन्हा कोसळलेले होते. फाटक उघडले तेव्हा बाहेर उभे असणारे गिऱ्हाईक दुसरीकडे गेले होते.

आपणही कधी पलीकडे असतो

कुणाला वाटेल, हे शेतकऱ्यांचे आणि परदेशी लोकांचे दुखणे आहे. आपल्या दस्तरख्वानाचा काय संबंध? म्हणून २०२२ च्या रमजानची आठवण करून देतो.

त्या रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, २८ एप्रिलपासून, इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात बंद केली. कारण त्यांच्याकडे स्वयंपाकाचे तेल महागले होते, ईद जवळ आली होती आणि तिथल्या आयाबाया तेलासाठी रांगेत उभ्या होत्या. पाम तेलाच्या उत्पादनात इंडोनेशिया जगात पहिला आणि खाद्यतेलाच्या खरेदीत भारत जगात पहिला. आपण वापरतो त्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून येते. युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफूल तेल आधीच अडले होते. वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असेल, त्या ईदला तेलाची पिशवी घेताना आपण दोनदा विचार करत होतो. इफ्तारला भजी कमी तळली जात होती.

त्या वेळी आपल्यापैकी कितीजण म्हणाले होते, की इंडोनेशियाने असे करायला नको होते? ढाक्यातली बाईसुद्धा आपल्याबद्दल तेच म्हणत होती.

आणि इंडोनेशियातल्या शेतकऱ्यांचे काय झाले? तिथे पामची छोटी बाग असलेली लाखो कुटुंबे आहेत. निर्यात थांबली, गिरण्यांच्या टाक्या भरल्या, गिरण्यांनी फळे घ्यायचे थांबवले. पामचे फळ लाल कांद्यासारखेच, काढले की लगेच गिरणीत जावे लागते. बागांचे मालक राजधानी जकार्तात मोर्चा घेऊन गेले. २३ मे रोजी बंदी उठली. एक महिनाही पुरता टिकली नाही. भाषा वेगळी, देश वेगळा, पीक वेगळे, पण गोष्ट चाचांचीच.

घाबरलेला बाजार

भरवसा गेला की काय होते याचे सर्वांत मोठे उदाहरण तांदळाचे आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये भारताने साध्या तांदळाची निर्यात रोखली. मग व्हिएतनामने हात आखडता घेतला. मग आणखी काही देशांनी. फिलिपिन्ससारखे विकत घेणारे देश घाबरले आणि मिळेल त्या भावाने भरमसाट खरेदी करू लागले. टनाला साडेतीनशे डॉलरच्या आसपास असलेला तांदूळ काही महिन्यांत हजार डॉलरवर गेला. त्या वर्षी जगात तांदूळ कमी पिकला होता असे नाही. धान्य होते, भरवसा नव्हता.

मग भाव उतरले कसे? जपानच्या गोदामात परदेशातून आणलेला पुष्कळ तांदूळ पडून होता. २००८ च्या मे-जूनमध्ये, तो विकायला काढू अशी तयारी जपानने दाखवली. तांदूळ जहाजावर चढण्याआधीच, नुसत्या बातमीने, भाव खाली येऊ लागले.

जुलै २०२३ मध्ये भारताने पुन्हा पांढऱ्या बिगर-बासमती तांदळाची निर्यात बंद केली. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा आता चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. मालावीपासून मॉरिशसपर्यंत आणि पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलपासून बेनिनपर्यंत, भात शिजतो तिथे आपल्या एका आदेशाचा परिणाम होतो. ही ताकद आहे तशीच अमानतही आहे.

जागतिक व्यापार संघटनेचे नियमही इथे सैल आहेत. अन्नाची टंचाई असेल तर निर्यात तात्पुरती रोखण्याची मुभा प्रत्येक देशाला आहे. फक्त आयात करणाऱ्या देशांच्या अन्नाचा विचार करावा आणि आधी कळवावे, अशी अपेक्षा आहे. जून २०२२ मध्ये सर्व सदस्य देशांनी एक चांगली गोष्ट मान्य केली. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम भुकेल्यांसाठी जे धान्य विकत घेतो, त्यावर कुणी निर्यातबंदी लावणार नाही. एवढे तरी झाले.

हजरत यूसुफ यांचे गोदाम

हे सगळे वाचताना आम्हाला सूरह यूसुफमधला प्रसंग आठवतो. वाचकांना तो माहीतच आहे. मिसरच्या बादशहाला स्वप्न पडले आणि हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांनी त्याचा अर्थ सांगितला. सात वर्षे सुकाळाची, नंतर सात दुष्काळाची. पण ते अर्थ सांगून थांबले नाहीत. काय करायचे तेही सांगितले. पिकेल त्यातले खाण्यापुरते घ्या, बाकीचे कणसांतच राहू द्या.

कणसांतच का? कारण कणसातले धान्य टिकते. साठवणुकीचे ज्ञान त्या एका सूचनेत आहे. आणि दुष्काळ आला तेव्हा फाटक बंद झाले नाही. कनआनहून, म्हणजे परक्या मुलखातून, लोक धान्य घ्यायला आले आणि त्यांना मिळाले. किती? माणशी एक उंटाचा भार. माप ठरलेले होते आणि आलेल्याला ते माहीत होते. देशातल्या माणसाचे पोट आणि दारात आलेल्या परक्याचे पोट, दोन्हींचा हिशेब एकाच मापात बसवला होता.

इथे आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. भाव चढले की चाळीत कांदा ठेवणाऱ्या शेतकऱ्याला कुणीही सहज साठेबाज म्हणतो. साठेबाजीला आपल्या दीनमध्ये सक्त मनाई आहे, हे खरे. पण लोकांची अडवणूक करून भाव वाढवण्यासाठी माल दडवणे वेगळे आणि एप्रिलचा कांदा सप्टेंबरपर्यंत जपून ठेवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारची साठवण नसती तर पावसाळ्यात तुमच्या-आमच्या घरी कांदा आलाच नसता.

मग करावे काय?

आम्ही काही सल्लागार नाही. पण चाचांशी, भाजीवाल्या बागवान शेजाऱ्याशी आणि आपाशी बोलून जे सुचते ते मांडतो.

पहिली गोष्ट, नियम आधी सांगावा. भाव अमुक पातळीच्या वर गेला तर इतके शुल्क, आणखी वर गेला तर इतके, खाली आला की शून्य, असा तक्ता हंगामाच्या आधी जाहीर करता येईल. मग शेतकरी, व्यापारी आणि ढाक्याचा गिऱ्हाईक, तिघेही आपापला हिशेब करतील. दुसरी, जो माल सौदा होऊन निघाला आहे, ट्रकमध्ये किंवा बंदरात आहे, त्याला अडवू नये. दिलेला शब्द पाळावा. तिसरी, साठवणुकीवर खर्च करावा. चांगल्या हवेशीर चाळी, शीतगृहे, आणि लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारले तसे, कांद्याला कोंब येऊ न देणारे विकिरण केंद्र. शंभर किलोतले दहा किलो जरी सडण्यापासून वाचले, तरी जेवढा कांदा आपण परदेशी पाठवतो त्याहून जास्त वाचेल. चौथी, गरिबाला थेट मदत द्यावी. २०२३ मध्ये सरकारने काही शहरांत २५ रुपये किलोने कांदा विकला. तो यंत्रमागाच्या वस्तीपर्यंत आणि रेशन दुकानापर्यंत पोहोचवावा. एका गरिबाचे ताट भरण्यासाठी दुसऱ्या गरिबाच्या ताटातून काढून घेणे, हा उपाय नव्हे.

घरात आपण काय करू शकतो? फार नाही, पण थोडे आहे. एप्रिल-मेमध्ये जमल्यास ओळखीच्या शेतकऱ्याकडून एखादी गोणी उन्हाळी कांदा थेट घ्यावी आणि हवेशीर जागी पसरून ठेवावी. त्याला दोन पैसे जास्त मिळतात, आपल्याला दोन पैसे स्वस्त पडते. आणि कांदा महागला तर बिर्याणीवरचा तळलेला कांदा महिनाभर कमी करावा. बिर्याणी तरीही बिर्याणीच राहते.

चाचांची मुलगी अल्हमदुलिल्लाह या वर्षी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चाचांनी मात्र दोन एकरांपैकी एकात मका लावला आहे. आम्ही कारण विचारले तर म्हणाले, "सर, मक्याला भाव कमी-जास्त मिळेल, पण रात्रीतून कुणी दार लावत नाही."

गेल्या आठवड्यात मराठीच्या तासाला आम्ही मुलांना निबंध दिला, 'आमच्या ताटातले पदार्थ कुठून येतात?' कुणी लिहिले, तूरडाळ मोझांबिकहून आणि म्यानमारहून. कुणी लिहिले, तेल इंडोनेशियाचे, खजूर इराकची. चाचांच्या मुलाने शेवटी एक ओळ लिहिली होती, "कांदा आमच्या शेतातला. तो पुढे कुणाच्या घरी जातो, ते आम्हाला माहीत नाही." आम्ही त्याला नकाशा आणायला सांगितले आणि त्यावर ढाका दाखवले, कोलंबो दाखवले, शारजा दाखवले. तो बराच वेळ बोटाने लासलगावपासून ढाक्यापर्यंतचे अंतर मोजत बसला होता.

वाचकांनीही आपल्या मुलांना हा प्रश्न जरूर विचारावा. आलेली उत्तरे आम्हाला कळवावीत. इन्शाअल्लाह पुढच्या अंकात भेटू.

खुदा हाफिज.